सोलं, मिरची, काजू घेऊन दुबईला: गोव्यातल्या बचत गटांनी व्यापार कराराचा फायदा कसा उचलायचा

दर मे महिन्यात तेच. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात आमच्या वैनी सोलांच्या (वाळवलेल्या कोकमाच्या) पिशव्या मांडून बसतात, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, संध्याकाळी उरलेला माल व्यापारी ढिगावर उचलतो, आणि सहा महिन्यांनी कुणाचा तरी भाचा शारजाच्या सुपरमार्केटातून फोटो पाठवतो, "आते, ही आपलीच ना गो?" भाव बघितला की वैनी अर्धा तास काही बोलत नाहीत.

मी डिचोलीत जीएसटी आणि हिशोबाची कामं करते. चार बचत गटांचे कागद माझ्याकडे आहेत, दोन सत्तरीतले, एक पेडण्यातला आणि एक सीमेपलीकडचा, दोडामार्गचा. हे चार गट मिळून आता थोडाथोडा माल आखातात पाठवतात. खाली लिहितेय त्यातलं निम्मं मला पोर्टलवर वाचून कळलं आणि निम्मं ठेच लागून. तुम्हाला ठेच लागू नये म्हणून सगळं एका जागी.

पहिलं, करार म्हणजे आपल्याला नक्की काय मिळतं ते समजून घ्या, कारण यात लोकांच्या डोक्यात फार गोंधळ असतो. भारत आणि युएई यांचा करार, सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, ज्याला सगळे सेपा म्हणतात, त्याच्यावर १८ फेब्रुवारी २०२२ ला सह्या झाल्या आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. त्यात युएईने आपल्या जकातीच्या यादीतल्या ९७ टक्क्यांहून जास्त ओळींवर भारतीय मालाला सवलत दिलीय, काही लगेच आणि काही टप्प्याटप्प्याने. ऐकायला मोठं वाटतं. पण तिथली जकात मुळातच बहुतेक मालावर ५ टक्के आणि कित्येक खाद्यवस्तूंवर आधीपासून शून्य. म्हणजे तुमच्या मालावर जकात शून्यच असेल तर सेपाचा कागद, म्हणजे माल मूळ भारतातला असं सांगणारं करारातलं सर्टिफिकेट, करण्यात दोन दिवस घालवून हातात काही येत नाही, म्हणून सगळ्यात आधी तिकडच्या इंपोर्टरला साधा प्रश्न विचारा, "या कोडवर तू आज किती भरतोस?" (कोड म्हणजे एचएस कोड, जकातीच्या यादीतला मालाचा आकडा.) ५ म्हणाला तर पुढचं वाचा. शून्य म्हणाला तरी वाचा, बाकीचं सगळं लागणारच आहे.

आणि जिथे ५ टक्के आहेत तिथे ते वाचले की कुणाच्या खिशात जातात हेही ठरवून घ्या. आपोआप ते इंपोर्टरच्या खिशात जातात. जकात तो भरतो, सवलत त्याला मिळते, आणि कागद मात्र आपण करून देतो. भाव ठरवतानाच "सर्टिफिकेट आम्ही देऊ, त्यातला अर्धा आमचा" असं बोलून घ्यायचं, मेलवर. नंतर कुणी देत नाही.

बरेच जण विचारतात, एवढ्या लांब दुबई कशाला, शेजारी श्रीलंका आहे, नेपाळ आहे, तिकडे का नको? करार तिकडेही आहेत. श्रीलंकेशी मार्च २००० पासून आहे, सार्क देशांचा साफ्टा हा मुक्त व्यापार करार २००६ पासून, आणि बिमस्टेकवाले, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट, २००४ मध्ये मुक्त व्यापाराच्या आराखड्यावर सह्या करून बसलेत, अजून पुरा करार झालेला नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ब्रिक्ससाठी मोठमोठे नेते बाणावलीला आले तेव्हा बिमस्टेकचेही आले होते, फोटो छान निघाले. दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास सांगतात, आसियानवाल्यांचा, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांचा, २५ च्या आसपास. शेजाऱ्यापाशी ट्रक न्यायचा तर सीमेवर थांबा, कागद पुन्हा, माल उतरवा, पुन्हा चढवा. आणि खरं सांगू का, कोलंबोत आपल्या सोलांची वाट बघणारं कोण आहे? त्यांच्याकडे त्यांचं गोरका आहे, आपल्या भिरंडांचंच, म्हणजे कोकमाच्या फळांचंच, भावंड. आखातात मात्र गोंयकार आहे, मालवणी आहे, मंगळूरवाला आहे, त्यांना सोलकढी लागते. बाजार तिथेच.

आता कामाला लागू.

विकणार कोण ते आधी ठरवा

एकटा बचत गट एक्स्पोर्ट करू शकत नाही असं नाही, पण परवडत नाही. माल कमी, खर्च तेवढाच. आमच्या सत्तरीतल्या एका गटाची सगळी सोलं मिळून जेमतेम काही पोती होतात, त्याच्यासाठी एजंट, तपासणी, कागद, भाडं, हे सगळं केलं तर नफा एजंटच्या घरी. म्हणून चार गट एक झाले. राज्याची हद्द मध्ये येते म्हणून लोक घाबरतात, दोडामार्गचा माल गोव्याचा कसा, वगैरे. कराराच्या दृष्टीने दोन्ही भारताचेच, "मूळ देश भारत" एवढंच लागतं. पिकाला हद्द कळत नाही, तिळारीचं पाणी इकडेही येतं आणि तिकडेही.

पण नाव एकच लागतं. बचत गट नुसता बँकेच्या खात्यावर चालत असेल, कुठेच नोंदलेला नसेल, तर त्याच्या नावावर सहसा पॅन नसतो, आणि पॅन नाही तर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, नाही. म्हणजे तीन रस्ते: एखादी आधीच असलेली सहकारी संस्था पुढे करायची, किंवा गटांचा महासंघ सोसायटी म्हणून नोंदवायचा, किंवा शेतकरी उत्पादक कंपनी काढायची. कंपनीचं कागदपत्र दर वर्षी डोकं खातं, ते झेपेल असं माणूस जवळ असेल तरच. चौथाही एक रस्ता लोक घेतात, गटातल्या एका बाईच्या नवऱ्याच्या नावाने प्रोप्रायटरशिप. करू नका. पैसे त्याच्या खात्यात येतात, आणि मग वर्षभर बैठकीत एकच विषय.

संस्था झाली की जीएसटी. "आमची उलाढाल कमी, आम्हाला जीएसटी लागत नाही" हे इथे चालत नाही, एक्स्पोर्ट हा आंतरराज्य पुरवठाच धरतात. नंबर घ्या आणि लगेच एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा, आरएफडी ११ नावाचा फॉर्म आहे, म्हणजे टॅक्स न भरता माल बाहेर पाठवता येतो. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नवीन. मग आयईसी, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर, फी ५०० रुपये, पॅन आणि बँकेचा कागद नीट असला तर लवकर मिळतो. डीजीएफटीचं ऑफिस पणजीत आहे, अडलं तर जाऊन विचारा, फोनवर जे कळत नाही ते समोर बसून पाच मिनिटांत कळतं. बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेच्या नंबरचं) पत्र घ्यायचं आणि आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, नोंदवायचं, हे लोक शेवटपर्यंत विसरतात आणि मग माल बंदरावर पडून राहतो.

माल कुणाचा, नाव कुठलं

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

कराराची सवलत मिळते ती मूळ भारतातल्या मालाला. सोलं, मिरची यांचं सोपं, झाड आपलं, वाळवणं आपलं, मीठसुद्धा आगरवाड्याचं, त्यामुळे "पूर्णपणे इथे तयार झालेलं" या रकान्यात बसतं. काजूचं तसं नाही. आपल्या देशातले कारखाने बाहेरून, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांतून, कच्च्या बिया भरपूर आणतात आणि इथे फोडतात. त्या बियांचा गर भारतीय धरायचा का? कच्ची बी ०८०१३१ आणि सोललेला गर ०८०१३२, म्हणजे पहिले चार आकडे तेच राहिले, आणि बऱ्याच नियमांत चार आकडे बदलले तरच "मूळ बदललं" म्हणतात. प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा असतो, कराराच्या परिशिष्टात आपल्या कोडसमोर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्याकडे नियम साधा ठेवलाय: गटातल्या बायांनी स्वतःच्या किंवा गावातल्या काजीखालून (काजूच्या झाडाखालून) गोळा केलेली बी तेवढीच, वजन वहीत, तारखेसकट. कारखान्यातून "मिक्स" गर घेऊन पोती पुरी करायची नाहीत, कितीही मोह झाला तरी.

नावाचं दुसरं प्रकरण जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. गोवा फेणीला २००९ मध्ये मिळालं, मग खोलची मिरची, हरमलची मिरची, मोयऱ्याची केळी, खाजे, आणि २०२३ मध्ये मानकुराद आंबा, बेबिंका ही मिठाई, गोव्याचा काजू यांना. तिकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला वेगळं आहे. म्हणजे आमच्या चार गटांत दोडामार्गचा काजू "गोवा काजू" म्हणून विकता येत नाही, आणि सत्तरीच्या सोलांवर "सिंधुदुर्ग कोकम" छापता येत नाही. एकाच खोक्यात दोन्ही असले तर जीआयचं नावच टाकायचं नाही, "कोकण किनाऱ्याचं" वगैरे साधं काहीतरी लिहायचं. ज्यांना जीआयचं नाव वापरायचंय त्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायची, चेन्नईच्या रजिस्ट्रीत, फी १० रुपये. दहा रुपये! तरी खोलच्या नावाने कुठली कुठली मिरची बाजारात दिसते आणि खोलच्या डोंगरावर ती पिकवणाऱ्या बायका नोंदणीशिवाय.

फेणीचा विचार सध्या सोडा. दारूचा कागद वेगळा, एक्साइज वेगळं, आणि आखातात ती पाठवायची कुणाला.

एचएस कोडने आमची कशी जिरवली

पहिल्या खेपेला आम्ही सोलं वाळवलेलं फळ म्हणून टाकली, ०८१३ खाली. तिकडच्या इंपोर्टरच्या माणसाने तीच मसाला म्हणून ०९१० खाली दाखवली. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, फळ तर आहेच आणि मसाल्याच्या डब्यात तर असतंच. पण सर्टिफिकेटवर एक कोड आणि त्यांच्या कागदावर दुसरा, त्यामुळे सवलत नाकारली, जकात भरावी लागली, आणि इंपोर्टरने ती आमच्या पैशातून कापली. क्लिअरिंगवाल्याला विचारलं तर म्हणतो, "तुम्ही सांगितलात तो कोड मी टाकला." बरोबरच आहे, सही आमची होती.

तेव्हापासून माल भरण्याआधी इंपोर्टरला मेल जातो, कोडचे पहिले सहा आकडे लिहून, "हाच वापरणार ना?" उत्तर आल्याशिवाय इन्व्हॉइस बनत नाही. सहा आकडे सगळ्या जगात सारखे, त्यापुढचे देशादेशात वेगळे, म्हणून सहाच जुळवायचे. सुकी मिरची अख्खी असेल तर ०९०४२१, कुटलेली असेल तर ०९०४२२. हे लहान वाटतं, पण एका वैनीने दोन पोती कुटून दिली आणि कागदावर अख्खी होती, ती पोती आम्ही परत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकली.

खाण्याचा माल म्हणजे खाण्याचे नियम

गावात विकायला एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन पुरतं, बाहेर पाठवायचं म्हटलं की सेंट्रल लायसन्स लागतं. सोलं आणि मिरची दोन्ही स्पायसेस बोर्डाच्या यादीत आहेत, म्हणजे तिथे एक्स्पोर्टर म्हणून नोंदणी करायची. कोकम सरबत, फणसाचे गरे वगैरे असेल तर अपेडा, ही शेतमालाच्या निर्यातीची केंद्राची संस्था. काजूला कोण, ते डीजीएफटीच्या यादीत बघून घ्या.

मालात त्यांना काय नको असतं? मिरचीत बुरशीचं विष, फवारणीचा अंश, आणि रंग. आपल्या बाया रंग टाकत नाहीत, पण ओली मिरची पोत्यात भरली की बुरशी येतेच, आणि आपल्याकडे मे संपता संपता हवाच ओली. आम्ही एका गटाला सोलर ड्रायर घेऊन दिला, पत्रा आणि काच, पंखा सोलरवर. सोलंही त्यात घातली, कारण उघड्यावर वाळवली की रस्त्याची धूळ आणि मांजराचे केस. जुन्या बायका म्हणतात ड्रायरातल्या सोलांना उन्हाची चव नाही. असेल बाबा. पण रसात बुडवायचं आणि पुन्हा वाळवायचं, हे पाच-सहा वेळा नीट केलं की रंग काळाभोर येतो, दुबईवाल्याला तोच हवा.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची जी पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली त्यात यंत्रासाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि बचत गटाला दर सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल असं आहे. सध्या अर्ज घेतायत का ते आधी विचारा, मग कोटेशन आणा, उलट केलं तर कोटेशनची तारीख जाते.

लेबलवर अरबी मजकूर लागतो, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख छापलेली लागते, वरून स्टिकर चिकटवलेला चालत नाही असं इंपोर्टर ओरडतात. लेबल त्याच्याकडूनच मंजूर करून घ्या, तिथली नोंदणी तोच करतो.

सर्टिफिकेट काढायचं कसं

आता ऑनलाइन झालंय, डीजीएफटीच्या पोर्टलवरून. आयईसीने लॉगिन, करार निवडा, सहा आकडी कोड, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), आणि मूळ कसं ठरतं तो निकष. पूर्णपणे इथला माल असेल तर ते, नसेल तर किमतीचा हिशोब जोडायचा, किती कच्चा माल बाहेरचा आणि किती काम इथे झालं. सही डिजिटल. मग नेमलेलं ऑफिस तपासून देतं. दोन प्रकारची सर्टिफिकेटं असतात हे लक्षात ठेवा. चेंबर ऑफ कॉमर्स देतं ते साधं, "माल भारतातला आहे" एवढंच सांगणारं, त्याने जकात कमी होत नाही. गोव्याची चेंबर १९०८ पासूनची, पोर्तुगीज काळातली, तिथे सल्ला चांगला मिळतो, पण सवलतीसाठी करारातलंच सर्टिफिकेट लागतं. एकाने साधं काढून पाठवलं आणि वर्षभर समजत होता की सवलत चालू आहे.

शिपिंग बिलात रोडटेपचा, म्हणजे निर्यातीच्या मालावर बसलेले कर परत देणाऱ्या योजनेचा, दावा हो म्हणून टाकायला एजंटला सांगा, थोडे पैसे परत मिळतात. सांगितलं नाही तर तो टाकेलच असं नाही.

पाठवायचं कुठून

मुरगाव बंदर खनिज आणि कोळशाचं, आपल्या चार पोत्यांसाठी नाही. कंटेनरात जागा वाटून घ्यायची तर माल ट्रकने न्हावा शेव्याला जातो. थोडा आणि महाग माल असेल तर विमानाने, पेडण्याच्या गटाला मोपाचा विमानतळ घराजवळच. पण सुरुवात मात्र पोस्टाने करा, अगदी सांगते. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, पाच-दहा किलोचं सॅम्पल रीतसर कागदासकट बाहेर जातं, एजंट लागत नाही, आणि चुकलं तर नुकसान पाच-दहा किलोचंच. आमच्या तीन खेपा पोस्टाने गेल्या तेव्हा कुठे इंपोर्टरला विश्वास आला.

पैशाचं: अर्धे आधी, अर्धे कागदाची कॉपी मिळाल्यावर. ओळखीचा आहे, भाच्याचा मित्र आहे, तरी हेच. रुपये-दिरहममध्ये थेट व्यवहाराची सोय २०२३ च्या जुलैत दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी ठरवली आहे, पण तालुक्याच्या शाखेत ते कुणाला माहीत असेल अशी अपेक्षा ठेवू नका, पणजीच्या परकीय चलनाच्या शाखेत विचारा.

आणि वाटणी

हा विषय सगळे शेवटी ठेवतात आणि त्यावरच गट फुटतो. आमच्याकडे माल आणतानाच दोन प्रती होतात, बाईच्या वहीत एक आणि संस्थेच्या वहीत एक, वजन आणि ग्रेड. पैसे आले की खर्च वजा करून थेट ज्या बाईचा माल तिच्या खात्यात, घरात दुसऱ्या कुणाच्या नाही. बी-ग्रेडला कमी दर, पण शून्य नाही, नाहीतर ती बाई पुढच्या वर्षी व्यापाऱ्याकडे जाते.

सत्तरीत एक मोठी अडचण आहे, जमीन. कित्येक घरं पिढ्यानपिढ्या काजी राखतात पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्या गोव्याचा सातबारा) नाव दुसऱ्याचं. ऑर्गॅनिक सर्टिफिकेट काढायचं, तेही एक्स्पोर्टचं म्हणजे एनपीओपी या केंद्राच्या सेंद्रिय कार्यक्रमाचं, तर जमिनीचा कागद मागतात. आम्ही ऑर्गॅनिकचा नाद सोडला, कारण तो धरला असता तर पहिल्यांदा बाहेर पडल्या असत्या त्या सगळ्यात गरीब बाया. भाव थोडा कमी मिळतो, चालतंय. गोवा सरकारचं शेतकऱ्यांसाठीचं कृषी कार्ड ज्यांना मिळू शकतं त्यांनी मात्र काढून ठेवा.

रानातली भिरंडं गोळा करताना फांदी मोडायची नाही हे बैठकीत ठराव करून लिहिलंय. भाव वाढला की लोक फांद्या ओढतात, मग दोन वर्षं झाड फळ देत नाही. वरच्या शेंड्याची फळं माकडांना आणि धनेशाला.

एक शेवटचं, तारखांचं. आयईसी दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये पोर्टलवर जाऊन कन्फर्म करावा लागतो, काहीही बदललं नसलं तरी, नाहीतर तो बंद पडतो. एलयूटीही एप्रिलमध्येच नवीन. आणि भिरंडं पिकतात तीही एप्रिल-मेमध्ये, तेव्हा एकीलाही मान वर करायला वेळ नसतो, ओटीपीसाठी फोन केला तर मोबाईल घरात आणि वैनी रानात. त्यामुळे मी आता १ एप्रिललाच चार गटांच्या चौघींना डिचोलीला बोलावते, मोबाईल चार्ज करून आणा म्हणते, आणि चहा होईपर्यंत दोन्ही उरकून टाकते.